अठरा इंचांची दुरुस्ती

सगळा घोटाळा कलम अकराने केला, असं अचूकराव आजही सांगतात. वास्तविक कलम अकराने काहीच केलं नव्हतं. ते बिचारं फॉर्मच्या तिसऱ्या पानावर निमूट पडून होतं : 'अर्जासोबत कामाचा कागदोपत्री नमुना साक्षांकित करून जोडावा. लेखकांनी संहिता, संगीतकारांनी स्वरलेखन व इतरांनी योग्य तो दस्तऐवज.' अचूकरावांची लेक नृत्यदिग्दर्शक आणि जावई नाट्यदिग्दर्शक. म्हणजे घरात एक नव्हे, दोन 'इतर'.

योजना मात्र खरोखर चांगली होती. नाटक किंवा नृत्य बसवणाऱ्या माणसांना वर्षभर तालमीची जागा आणि घर चालेल इतकं मानधन द्यायचं, आणि त्यांनी त्या वर्षात दुसरं काही न करता फक्त आपलं काम करायचं. लेक आणि जावयाने सहा महिने खपून अठरा मिनिटांचं एक नृत्यनाट्य बसवलं होतं. वर्ष मिळालं तर त्याचा दोन तासांचा पूर्ण प्रयोग होणार होता. नाही मिळालं तर काय, तेही ठरलं होतं. एक तारखेपासून लेक एका व्यायामशाळेत वजन कमी करू इच्छिणाऱ्यांना हातपाय हलवायला शिकवणार होती आणि जावई आपल्या भावाच्या फरश्यांच्या दुकानात बसणार होता. दोघं हे इतक्या शांतपणे सांगत की अचूकरावांना ऐकवत नसे. त्यांनी रडारड केली असती तर अचूकरावांना रागावता तरी आलं असतं.

अचूकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं ते नळवाहिन्यांचे नकाशे काढत होते आणि त्यांच्या नकाशात चूक आहे हे त्यांनी एकदाही कबूल केलं नाही, म्हणून सहकाऱ्यांनी हे नाव ठेवलं. ठेवणाऱ्यांचा हेतू वेगळा होता. अचूकरावांनी ते पदवीसारखं स्वीकारलं. खोदल्यावर नळ नकाशातल्या जागी सापडला नाही, तर नळ चुकला, एवढी साधी त्यांची विचारसरणी. लेकीच्या कामाबद्दल कोणी विचारलं तर ते "मेहनती आहे" एवढंच म्हणत. तिच्या एका प्रयोगाला ते गेले होते, पण पुढच्या खुर्चीतल्या माणसाचं डोकं त्यांना प्रयोगापेक्षा जास्त लक्षात राहिलं.

फॉर्म द्यायला नऊ दिवस उरले होते. लेकीने तालमीचं चित्रीकरण पेनड्राइव्हवर घेतलं आणि ती सांस्कृतिक कार्यालयात निघाली. अचूकराव बरोबर गेले, कारण सरकारी कार्यालयात कसं बोलायचं हे तरुण माणसांना कळत नाही, असं त्यांचं ठाम मत. खिडकीतल्या कारकुनाने पेनड्राइव्ह उलटसुलट करून पाहिला.

"यावर शिक्का कुठे मारायचा?" त्याने विचारलं.

"आत व्हिडिओ आहे," लेक म्हणाली.

"असेल ना. पण साक्षांकित कसा करणार? सही कुठे घेणार?"

लेकीने वडलांकडे पाहिलं. सरकारी कार्यालयात कसं बोलायचं हे जाणणारे अचूकराव थोडा विचार करून म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे."

परतीच्या वाटेवर लेक त्यांच्या चार पावलं पुढे चालली.

घरी आल्यावर खालच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर चहाला हजरच होते. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे वाटायला टपाल उरलं नव्हतं, त्यामुळे ते सल्ले वाटत, आणि तेही घरपोच. त्यांचं म्हणणं, नाच शब्दांत लिहून काढावा. शब्दांत लिहिता येत नाही असं काही त्यांनी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं, माणसं तारेत मरण कळवतात तिथे नाच काय. लेकीने दुपारभर बसून चार पानं लिहिली. पहिलं वाक्य होतं, 'शरीरं परस्परांमधल्या रिकाम्या जागेशी बोलू लागतात.'

"काय बोलतात?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"रिकामी जागा म्हणजे किती?" अचूकरावांनी विचारलं.

लेकीने पानं काढून घेतली. "जावईबापू, तुम्ही तरी सांगा," अचूकराव म्हणाले, "हे लेखी नमुना म्हणून चालेल?"

"तुम्हाला काय वाटतं?" जावई म्हणाला.

जावयाची ही सवय घरात सगळ्यांना ठाऊक होती. नटाला उत्तर आयतं दिलं तर तो विचार करणं सोडतो, हे दिग्दर्शनाचं तत्त्व त्याने घरातही लागू केलं होतं. चहा हवा का विचारलं तरी तो शांतपणे "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारी. सासूबाईंना वाटे की हवा आहे, त्या करून देत. अचूकरावांना वाटे की हा मुलगा नळाच्या खात्यात आठ दिवस टिकला नसता.

पण 'रिकामी जागा किती' हा आपला प्रश्न अचूकरावांच्या डोक्यातून जाईना. किती असेल ती असो, मोजता तर येईल. मोजता आली तर काढता येईल. आणि काढता आली तर कागद होईल, ज्यावर शिक्का मारायला ऐसपैस जागा असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड काढला, टी-स्क्वेअर पुसला, मोठी मोजणी टेप खांद्यावर अडकवली आणि ते तालमीला गेले.

तालीम एका छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये चाले. खाली यंत्र सुरू झालं की वरची लाकडी जमीन थरथरे आणि खिडकीतला पाण्याचा तांब्या हळूहळू कडेला सरके. तो पडायच्या आधी कोणीतरी उठून मागे ढकली. सहा कलाकार होते. पोटासाठी सगळे दुसरं काही ना काही करत, एक तर दातांच्या डॉक्टरकडे कवळ्या घडवत असे. अचूकरावांनी त्यांची नावं विचारून घेतली आणि लगेच विसरून त्यांना न१ ते न६ असे क्रमांक दिले. हॉल बेचाळीस फूट लांब, अठ्ठावीस फूट रुंद भरला. उत्तर दिशा छापखान्याच्या जिन्याकडे निघाली.

चार दिवस ते तिथे ठाण मांडून बसले. कुणी हात उंचावला की ते म्हणत, "असंच राहा, कोपराची उंची घेतो." न२ एका पायावर वाकलेली असताना तिला त्यांनी तशीच सव्वा मिनिट उभी ठेवली, नंतर तिला दोघांनी धरून खुर्चीपर्यंत नेलं. गोष्ट काय आहे, ही माणसं अशी का फिरतात, हे अचूकरावांनी कुणाला विचारलं नाही. पाणी कुठून कुठे जातं ते आरेखकाने बघायचं असतं, ते कुणाच्या अंघोळीला लागतं याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. त्यांना दिसलं ते एवढंच की सहा माणसं एका छोट्या जागेत येतात, बसतात, उठतात, दारातून जातात आणि या सगळ्यात एकमेकांना कुठेही स्पर्श होऊ देत नाहीत. कोपर कोपराला लागत नाही. आरेखक म्हणून त्यांना हे अतिशय आवडलं. इतकी नेटकी वाहतूक त्यांच्या खात्यालाही कधी जमली नव्हती.

मिनिटाला एक कागद, असे अठरा कागद. प्रत्येक कलाकाराला वेगळी रेघ हवी, म्हणून त्यांनी खात्याच्याच खुणा वापरल्या. न१ शुद्ध पाण्याची वाहिनी, न२ पावसाच्या पाण्याची, असं करत न४च्या वाट्याला दुर्दैवाने सांडपाणी आलं. हे त्याला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. गिरकी म्हणजे झडप. उडी म्हणजे पंप. जमिनीवर बसणं म्हणजे टाकी. पहिले चार कागद शाईत उतरल्यावर लेक मागे येऊन उभी राहिली.

"बाबा, हे सुंदर झालंय," ती मग म्हणाली.

"स्केल एक इंचाला चार फूट आहे," अचूकराव म्हणाले, आणि कान तापल्यासारखे वाटले म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

सतराव्या कागदाशी घोडं अडलं. सतराव्या मिनिटाला न३ हा मधोमध पाठमोरा उभा असे आणि न५ ही उजव्या कोपऱ्यातून वेगाने येई. आणि ती सरळ त्याच्यावर आदळे. दोघंही खाली बसत आणि तसेच राहत. पहिल्या दिवशी अचूकरावांनी मान वळवली. चूक कुणाची का असेना, टक लावून बघू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच टक्कर. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आणि दर वेळी त्यांची लेक म्हणे, "छान."

अचूकरावांना लेकीची कीव आली. सहा महिने मेहनत करून पोरीचा एक टप्पा बसत नव्हता, हाताखालच्या माणसांना बोलायची हिंमत नव्हती, म्हणून ती आपली छान छान म्हणून वेळ मारून नेत होती. तिला सांगावं तर ती खचेल. न सांगावं तर निवड समितीसमोर सोळा मिनिटं व्यवस्थित चाललेलं काम एका मिनिटात धुळीला मिळेल. लेकीची चूक बापाने नाही झाकायची तर कुणी झाकायची? दोन वाहिन्या एकमेकींना छेदत असतील तर त्यांच्यात किमान अठरा इंच अंतर ठेवायचं, हा खात्याचा नियम. त्यांनी न५ची रेघ हलक्या हाताने वळवली आणि न३च्या शेजारून अठरा इंचांवरून पलीकडे नेली. अठराव्या कागदावर दोघं आपापल्या जागी सुखरूप पोचले. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. उपकार करून बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती.

मुदतीला तीन दिवस उरले होते. लेकीने घाईघाईत जिथे सांगितलं तिथे सह्या केल्या आणि अचूकरावांनी अर्ज मध्यवर्ती आवक खिडकीत दिला. त्या खिडकीतल्या बाईंनी वरचा फॉर्म वाचला नाही. त्यांनी आतला कागद पाहिला, त्यावर स्केल होतं, उत्तर दिशा होती आणि सहा प्रकारच्या वाहिन्या होत्या. त्यांनी फाइल सरळ बांधकाम परवानगी विभागात पाठवली. आणि एरवी वर्ष वर्ष न हलणारा तो विभाग नेमका त्या दिवशी कामाला लागला. दुसऱ्याच दिवशी त्रुटींचं पत्र घरी आलं.

'नियोजित इमारतीच्या भिंती दाखवलेल्या नाहीत. पाच ठिकाणी वाहिन्या जमिनीपासून चार फूट उंच आधाराविना आहेत. न४ या सांडपाणी वाहिनीचा शेवट कोठे होतो याचा बोध होत नाही.'

अचूकरावांना चूक दाखवणारं आयुष्यातलं हे पहिलं पत्र. ते घेऊन ते तसेच विभागात गेले. टेबलामागे बसलेला अभियंता एकेकाळी त्यांच्याच हाताखाली उमेदवारी करून गेलेला निघाला.

"साहेब, तुमच्या नकाशात सांडपाणी हवेत सोडलंय?" तो हळू आवाजात म्हणाला.

"ते सांडपाणी नाही. तो कवळ्या करतो."

अभियंत्याने उभं राहून त्यांना खुर्ची दिली आणि पाणी मागवलं. सगळा प्रकार समजून घ्यायला त्याला अर्धा तास लागला. समजल्यावरही तपासल्याशिवाय फाइल सोडायची त्याची तयारी नव्हती, कारण न तपासता कागद सोडल्याबद्दल पूर्वी अचूकरावांनीच त्याचा कान धरला होता. त्याने पट्टी घेऊन अठरा कागदांवरची सगळी अंतरं मोजली आणि प्रत्येक कागदावर शिक्का मारून सही केली : 'अंतरे तपासली. समाधानकारक.' अशा रीतीने नाच साक्षांकित झाला. शेवटच्या दिवशी सांस्कृतिक कार्यालयातल्या कारकुनाने तो गठ्ठा पाहिला, त्यावर स्वतःचे अठरा शिक्के मारले आणि पहिल्यांदाच हसून म्हणाला, "याला म्हणतात नमुना."

दहा दिवसांनी पत्र आलं. अर्ज प्राथमिक छाननीत उत्तीर्ण. निवड समिती तालमीच्या जागी येऊन सादरीकरण पाहील. अर्जदारांनी मंजूर नकाशाप्रमाणे जमिनीवर खुणा कराव्यात. सादरीकरणात व नकाशात विसंगती आढळल्यास अर्ज बाद समजला जाईल. पोस्टमास्तरांनी ते पत्र तीनदा वाचून दाखवलं आणि पाकिटावरचा शिक्का स्पष्ट उमटल्याबद्दल समाधान व्यक्त केलं. घरात आनंदीआनंद झाला. जावयाने भावाला फोन करून दुकानात दुसरा माणूस बघायला सांगितलं. त्याने एखादं विधान सरळ केल्याची ती पहिली नोंद असावी.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी नकाशा पसरून खडूने खुणा करायचं काम सुरू झालं. अचूकराव टेप धरून वाकले होते. सतरावा कागद लेकीच्या हातात होता.

"बाबा, न५ची रेघ इथे वळलीय."

"हो."

"का?"

"ते मी दुरुस्त केलं," अचूकराव टेप गुंडाळत म्हणाले. "त्या दोघांची रोज टक्कर होत होती. म्हटलं, तुला कशाला बोलायला लावायचं."

लेकीने कागद जावयापुढे धरला. खाली यंत्र सुरू होतं.

"तुम्हाला काय वाटतं," जावयाने विचारलं, "ती टक्कर तिथे कशासाठी होती?"

जावयाच्या त्या प्रश्नाचं उत्तर देण्याची अचूकरावांना प्रथमच गरज वाटली, म्हणून त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"एका घरातली माणसं आहेत ती," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "सोळा मिनिटं कुणी कुणाला लागत नाही. सगळे जपून असतात. आणि एकदाच, एकच जण दुसऱ्यावर आदळतो, आणि मग दोघंही उठत नाहीत. बाबा, बाकीचं सगळं त्या एका टकरीसाठी आहे. सहा महिने मी तीच बसवत होते."

अचूकराव तडक सांस्कृतिक कार्यालयात गेले. नकाशात एक किरकोळ बदल करायचा आहे, असं त्यांनी कारकुनाला सांगितलं. मंजूर नकाशात किरकोळ असं काही नसतं, असं कारकून म्हणाला, आणि हे वाक्य अचूकरावांनी स्वतः एकतीस वर्षांत इतक्या वेळा म्हटलं होतं की त्यांनी सवयीने मान डोलावली. अंतरं समाधानकारक असल्याचा शिक्का आहे, त्यात चूक कशी असेल, असंही कारकुनाने वर विचारलं. घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"मला ठाऊक होती ना ती टक्कर," बायको म्हणाली. "मी दोनदा बघितलंय ते. दोन्ही वेळा रडले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

संध्याकाळच्या तालमीला ते पुन्हा गेले, पण दाराशीच थांबले. लेकीने निर्णय घेतला होता. "नकाशाप्रमाणेच करू," ती कलाकारांना सांगत होती. "वर्ष हातातून घालवण्यापेक्षा अठरा इंच घालवलेले बरे." न५ कोपऱ्यातून वेगाने आली, न३च्या शेजारून खडूच्या रेघेवरून गेली आणि पलीकडे जाऊन थांबली. सगळे आपापल्या जागी सुखरूप उभे राहिले. काहीच झालं नाही. सोळा मिनिटं जे होत नव्हतं ते सतराव्या मिनिटालाही झालं नाही, अठराव्यालाही नाही, आणि संपलं. लेक म्हणाली, "छान." या वेळी मात्र ती खरोखरच वेळ मारून नेत होती, हे अचूकरावांना दारातून कळलं. तिने त्यांना रागाने चार शब्द सुनावले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. ती जाताना एवढंच म्हणाली, "बाबा, जिना जपून उतरा, दिवा गेलाय."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता समिती आली. अध्यक्षबाई पांढऱ्या केसांच्या, काठी घेऊन चालणाऱ्या होत्या. दोन सदस्य होते, ते एकमेकांशी बोलत नसल्यामुळे दोन टोकांना बसले. कारकून मांडीवर नकाशा आणि हातात पेन्सिल घेऊन मधोमध बसला. अचूकराव बायकोशेजारी मागच्या रांगेत होते. सादरीकरण सुरू झालं. मिनिट संपलं की कारकून कागद उलटवी आणि खूण करी. दहा मिनिटं झाली, बारा झाली. सगळं काटेकोर चाललं होतं. अचूकरावांच्या नकाशाबरहुकूम इतकं तंतोतंत काम एकाही ठेकेदाराने कधी केलं नव्हतं. पंधरावं मिनिट संपता संपता त्यांचं त्यांनाही न कळता ते उभे राहिले.

"थांबा," ते म्हणाले.

कलाकार थांबले. न४ एका पायावर थांबला, कारण चार दिवसांत त्याला ती सवय लागली होती.

"नकाशा चुकलाय," अचूकराव म्हणाले.

"नकाशा मंजूर आहे," कारकून म्हणाला. "आतापर्यंत एकही विसंगती नाही."

"मंजूर आहे आणि चुकलेला आहे. मी काढलाय. सतरावा कागद बघा."

"हे बाद होईल हं, साहेब," कारकून काकुळतीने म्हणाला. अठरा शिक्के त्याचेही होते.

अध्यक्षबाईंनी काठी जमिनीवर टेकवली. "चूक काय आहे?" त्यांनी विचारलं.

अचूकरावांना वाटलं होतं की रेघेबद्दल दोन वाक्यं बोलून बसता येईल. पण बोलायला लागल्यावर वेगळंच बाहेर आलं. "या दोघांची इथे टक्कर होते. ती तशीच हवी. मी रोज बघत होतो आणि मला वाटलं, माझ्या मुलीला हा भाग जमत नाहीये. म्हणून झाकायला गेलो. तिला सगळं जमत होतं. मला बघता आलं नाही."

पुढे जाऊन त्यांनी कारकुनाच्या मांडीवरचा कागद उचलला, लाल पेनने न५च्या रेघेवर फुली मारली, शेजारी 'चूक आरेखकाची' असं लिहिलं आणि खाली तारीख घालून सही केली. लेकीकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही, म्हणून ते कारकुनाकडे बघत राहिले, आणि कारकून घाबरून अध्यक्षबाईंकडे बघत राहिला.

"मग जसं आहे तसं दाखवा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

न५ कोपऱ्यात गेली. कालपासून अडवून ठेवलेला वेग तिने एकदम सोडला असावा. ती आली ती सरळ, आणि न३वर आदळल्याचा आवाज खालच्या यंत्राच्या आवाजातही ऐकू आला. दोघं खाली बसले आणि तसेच राहिले. कुणी हललं नाही. अचूकरावांच्या शेजारी बायको तिसऱ्यांदा रडत होती. एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन सदस्यांपैकी एकाने दुसऱ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. कारकुनाची पेन्सिल कागदावर टेकलेली होती ती तिथेच राहिली, आणि तिचा एक ठिपका सतराव्या कागदावर उमटून आहे.

मग तो भानावर आला. "विसंगतीच्या रकान्यात काय लिहू?" त्याने विचारलं. "आहे की नाही?"

"आहे लिहा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कुणाची ते यांनी लिहून सही केलेलीच आहे. नकाशा बाद करा. अर्ज नको." मग त्या लेक आणि जावयाकडे वळल्या. "वर्ष तुमचं. पण दप्तरी नमुना लागतो म्हणतात, तेव्हा सात दिवसांत सतरावा कागद नव्याने काढून द्या." जाताना त्यांनी अचूकरावांना बाजूला बोलावून विचारलं की आपल्या माहितीतले आणखी काही नृत्यदिग्दर्शक कलम अकरापाशी अडकलेत, त्यांच्यासाठी सवड होईल का. पोस्टमास्तरांना ही बातमी संध्याकाळपर्यंत कळली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता दोन अनोळखी दिग्दर्शक आणि एक पायाला पट्टी बांधलेला नर्तक अचूकरावांच्या जिन्यात बसलेले होते. त्यांच्यात पोस्टमास्तरांच्या वशिल्याने पहिला नंबर कुणाचा यावरून वाद झाला.

अचूकरावांनी त्यांना दुपारनंतर यायला सांगितलं. आधी सतरावा कागद पुरा करायचा होता. कोरा ट्रेसिंग पेपर आणि टेप घेऊन ते हॉलवर गेले. लेक आणि जावई तिथे होतेच, कलाकार कामांवर गेले होते.

"टक्कर होते तेव्हा दोघांत अंतर किती धरायचं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच उभे राहा," लेक म्हणाली. "न३च्या खुणेवर. पाठ इकडे."

ते उभे राहिले.

"बाजूला व्हायचं नाही. ती येतेय हे त्याला माहीत नसतं."

"पण मला माहीत आहे ना."

"म्हणून तर अवघड आहे."

ती कोपऱ्यात गेली. तिची पावलं जमिनीवर वाजली आणि अचूकराव आपसूक अर्धं पाऊल बाजूला सरकले. लेक त्यांच्याशेजारून निघून गेली, थांबली, वळली. "बाबा," ती म्हणाली.

"हो, हो. सवय आहे."

दुसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले आणि पाय रोवले. लेक त्यांच्या पाठीवर आदळली. चष्मा नाकावरून सुटला, टेप हातातून पडली आणि घरंगळत खिडकीपर्यंत गेली. लेक बाजूला झाली नाही. सगळा भार त्यांच्यावर टाकून, कपाळ त्यांच्या खांद्याला टेकून ती तशीच राहिली. पूर्वी ती अशी धावत येऊन अंगावर आदळे तेव्हा त्यांच्या कमरेएवढी होती. मधल्या वर्षांत दोघं एकमेकांच्या शेजारून फार व्यवस्थित, अंतर ठेवून ये-जा करत होते, हे अचूकरावांच्या लक्षात आलं. जावई घड्याळाकडे बघत सेकंद मोजत होता. चाळीस झाल्यावर त्याने हळूच सांगितलं. लेक मागे झाली.

"मिळालं माप?" तिने चष्मा उचलून त्यांच्या हातात दिला.

अचूकराव बोर्डापाशी गेले. कागदावर नीट अक्षरात त्यांनी लिहिलं, 'अंतर शून्य'.

"खात्यात कुठलंही माप दोनदा घेतात," ते म्हणाले, आणि पेन्सिल कानावर ठेवून, पाठ करून, परत त्या खुणेवर जाऊन उभे राहिले.